बंद उपग्रहाची रेघ

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे घडलंय. सारजा माझी सख्खी आत्या, आणि खोटं बोलणं तिच्या रक्तात नाही.

१९९८ चा मे महिना. इंदापूर तालुक्यात, कळसच्या माळावर एक छोटं केंद्र होतं.

सूर्यावर स्फोट झाला की भन्नाट वेगाचे कण सुटतात. ते मोजणाऱ्या उपग्रहाचे आकडे तिथं यायचे. कण वाढले की सारजानं पुण्याला साहेबांना फोन करायचा. मग आभाळातल्या बाकीच्या उपग्रहांची नाजूक यंत्रं वेळेत बंद करता यायची. उशीर झाला की ती कायमची आंधळी.

रात्र-बित्र काही नव्हती. भर दुपारचे अडीच वाजले होते.

खोलीत कागदावर लेखणीनं रेघ ओढणारी दोन यंत्रं. एक नव्या उपग्रहाचं, एक जुन्याचं. जुना उपग्रह फाल्गुनात बंद पडला. साहेबांनी त्याच्या यंत्राची वायर काढून खिळ्याला टांगली. आता मुख्य उपग्रह नवा. बघायचं ते त्याच्यावरच.

सारजाची नोकरी हंगामी होती. पाडव्याला तिनं दिलेला एक इशारा फुसका निघाला होता. "अजून एक चूक, की घरी," साहेबांनी बजावलं होतं. मेंढरं राखणाऱ्या बिरूआबांची लेक यंत्रापुढं बसते, हेच मुळी कितीतरी जणांना खुपत होतं.

अचानक पंख्याचा आवाज थांबला…

तिनं वर पाहिलं. पंखा फिरत होता.

बाहेरच्या चिमण्याही गप्प.

मग…

टक. टक. टक.

जुन्या यंत्राच्या काचेवर कुणीतरी पेन्सिल आपटत होतं.

तिथं कुणीच नव्हतं.

सारजानं ती टकटक ओळखली. त्या यंत्राची लेखणी मधेच अडकायची, आणि ती सोडवायला अशी टकटक एकच माणूस करायचा. आप्पासाहेब. सोळा वर्षं ते यंत्र त्यांनी सांभाळलं. गेल्या दिवाळीत ते वारले होते.

लेखणी हलली…

वायर खिळ्यालाच लटकत होती.

रेघ कागदावर वर वर चढू लागली. कण वाढत होते. नव्या यंत्राची रेघ मात्र सपाट.

झाडलोट करणारी सरुबाई दारात आली, आणि तिच्या हातातली बादली निसटली.

"पोरी, भाईर चल! हितं काय तरी हाय!"

"हाय तर हाय. मी न्हाय उठायची."

तिनं फोन ओढला.

"साहेब, कण वाढल्यात. जुना उपग्रह मुख्य धरा, अन् इशारा द्या."

"सारजा, तो बंद आहे! नव्यावर काय दिसतंय?"

"कायबी न्हाय."

"मग गप्प बस. नोकरी घालवशील."

"जाऊ द्या नोकरी. माझ्या नावावर लिवा, पन इशारा द्या!"

ती ओरडलीच. साहेबांनी शिव्या घातल्या, तिचं नाव लिहून घेतलं आणि इशारा दिला.

बावीस मिनिटं गेली…

नव्या यंत्राची रेघ एकदम उसळली, कागदाबाहेर गेली आणि तुटली. नवा उपग्रह मुका झाला. बाकीच्यांची यंत्रं तोवर बंद झाली होती. ते सगळे वाचले.

त्याच क्षणी जुनी लेखणी थांबली.

तिसऱ्या दिवशी साहेब आले. सोबत कायम नोकरीची ऑर्डर.

"अहवालात लिही, नव्या उपग्रहावरून कळलं. सही कर आणि ऑर्डर घे."

"नव्यानं सांगितलंच न्हाय, तर लिवू कसं?"

"मग काय लिहिणार आहेस? भूत?"

सारजानं पेन घेतलं. 'नोंद घेणारा' या रकान्यात ठसठशीत अक्षरात लिहिलं… आप्पासाहेब.

ऑर्डर आली तशी पुण्याला परत गेली.

आत्या आता निरवांगीला असते. शेती करते. त्या नोंदीचा तिला तिळमात्र पस्तावा नाही. मी एकदा भूत म्हणालो, तर माझ्यावर खेकसली.

"भूत म्हनू नगंस. ड्युटीवर हुते ते."



केंद्राला कुलूप लागून वर्षं झाली. तुमची पाळी संपली, असं आप्पासाहेबांना कुणी सांगितलंय का…

एवढं मात्र आत्याला आजही माहीत नाही.