मागची डावी बाजू

संघपालने जीप घेतली ती संक्रांतीनंतरच्या आठवड्यात, एका सरकारी लिलावातून. गाडी वीस वर्षं कालव्याच्या कडेकडेने फिरलेली. हूड फाटलेलं, सीटमधून काथ्या बाहेर आलेला, पण इंजिन शाबूत आणि चारही चाकांना जोर. चिखलातून, नाल्यातून, नांगरटीतून जाईल अशी गाडी जानेफळात दुसरी नव्हती. आई अन्नपूर्णाबाई गोठ्याच्या दारात उभी राहून म्हणाली, "बैल इकले अन् हे लोखंड बांधलं."

संघपाल बुलढाण्याला भूकरमापक होता. आठवडाभर लोकांच्या बांधावर टेप आणि खुंट्या घेऊन हिंडायचं, शनिवारच्या एसटीने घरी यायचं, आणि रविवार पूर्ण जीपखाली. मोजण्याचं काम करणाऱ्या माणसाचा स्वभावच तसा होतो. त्याने एक वही केली होती आणि तीत प्रत्येक रविवारचं काम तारखेनिशी लिहायचा. ब्रेकचे पट्टे बदलले. सीटला नवं रेक्झिन घातलं. मागे समोरासमोर दोन लांब बाकं बसवली. स्टँडवरचे म्हातारे मिस्त्री रज्जाक चाचा दर रविवारी यायचे. त्यांचे हात आता थरथरत, म्हणून ते तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसून नुसते सांगत आणि संघपाल करी.

त्या वर्षी कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली. या बियाण्याला अळी लागत नाही असं ऐकून लोकांनी ते वर्षानुवर्षं पेरलं होतं. आता हिरवं बोंड फोडलं की आत अळी. माणसाच्या उंचीच्या कपाशीत शिरून लोक दिवसभर फवारत होते, एका औषधात दुसरं मिसळून. गावावर गोडसर, लसणासारखा वास धरून असायचा. तो कपड्यांतून जात नसे. आसपासच्या गावांत फवारणारी माणसं वावरातच पडल्याच्या, दवाखान्यात पोचायच्या आत गेल्याच्या बातम्या येत होत्या.

भादव्यातल्या एका रविवारी संघपालने गिअरबॉक्स उतरवला. उतरवण्यासारखं काही झालं नव्हतं. दुसऱ्या गिअरला किंचित कुरकुर होती, एवढंच.

"पावसाचे दिवस हायेत," चाचा म्हणाले होते. "चालती गाडी कायले खोलतं बे? दिवाळीनंतर पाहू."

"संध्याकाळपर्यंत बसवतो चाचा. तुमी फक्त पाहा."

अकराच्या सुमारास कौशल्याबाई फाटकाशी आली. पिंढऱ्यांपर्यंत काळा चिखल. तिचा नवरा कचरू गुलाबरावांच्या वावरात रोजाने फवारायला जायचा.

"भाऊ, गाडी काढा. हे पडले वावरात. तोंडातून फेस येऊन राह्यला."

गुलाबरावांचं वावर नाल्यापलीकडे. मधला रस्ता खचलेला, बैलगाडीही रुतेल असा. दवाखान्याची गाडी आली तरी पक्क्या सडकेवरच थांबणार होती. संघपालने पोत्यावर मांडलेल्या गिअरच्या दातेरी चाकांकडे पाहिलं, डिझेलच्या परातीतल्या नटांकडे पाहिलं.

"वहिनी, गाडी खुली हाये."

"किती टाईम लागन?"

त्याने खरंच मनात हिशेब केला. "तीन घंटे."

ती आल्या वाटेने पळाली. चाचांनी सडकेपर्यंत दवाखान्याची गाडी बोलावली. संघपाल घामाने निसटणाऱ्या पान्यांनी गिअरबॉक्स जुळवत बसला. बाराला गाडी तयार झाली असती तर, साडेबाराला झाली असती तर, असं तो नंतर पुष्कळदा मोजून पाहायचा. पण सव्वा वाजताच निरोप आला. चौघांनी बाज खांद्यावर घेतली होती. बाज सडकेला लागायच्या आत कचरू गेला.

गाडी दिवाळीपर्यंत तशीच पडून राहिली. संघपाल घरी यायचा, पण गोठ्याकडे जायचा नाही. शेवटी चाचाच म्हणाले, "खुली ठेवू नको. झाकून टाक तिले." मग दोन रविवार लावून त्याने सगळं परत बसवलं. दुसरा गिअर आता आवाज करत नव्हता.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की गाडी मागे डावीकडे झुकली आहे.

इतरांना ते दिसलंही नसतं. त्याने टेप लावली. मागच्या उजव्या मडगार्डपेक्षा डावं मडगार्ड जमिनीला पावणेदोन सेंटीमीटर जवळ होतं. त्याने चाकांतली हवा तपासली. पाण्याची नळी धरून गोठ्याची जमीन तपासली; जमीन समतल होती.

"कमानपाटे थकले," चाचा चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांकडे पाहत म्हणाले. "उमर झाली त्याहिची."

मेहकरहून नवे पाटे आणले. रविवारी दुपारी बसवले, टेप लावली. दोन्ही बाजू सारख्या. पुढच्या शनिवारी आला तेव्हा डावी बाजू पावणेदोन सेंटीमीटर खाली. त्याने डावे पाटे उजवीकडे घातले आणि उजवे डावीकडे. आठ दिवसांनी पुन्हा डावीच बाजू खाली, पुन्हा तेवढीच. वहीत त्याने आकडा लिहिला आणि पुढची रेघ कोरी ठेवली.

मागच्या डाव्या बाकाशी वाकलं की तो वास यायचा. गोडसर, लसणासारखा. बाक त्याने सोडा लावून धुतलं. मग फळीच बदलली. नव्या फळीला सागाचा वास आठवडाभर टिकला.

मार्गशीर्षात कापूस जिनिंगवर जायला लागला. जिनिंगचा वजनकाटा सडकेच्या कडेला होता. एका रविवारी सकाळी संघपाल एकटाच जीप घेऊन गेला. गाडीचं कागदावरचं वजन, डिझेल, अवजारांची पेटी, दोन बाकं आणि स्वतः, अशी बेरीज त्याने आधीच करून ठेवली होती. बाराशे ऐंशी किलो. दहा इकडे, दहा तिकडे.

काट्यावरचा माणूस खिडकीत बसून चहा पीत होता. जीप काट्यावर चढली. त्याने आकड्याकडे पाहिलं, थोडा थांबला, मग खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मागच्याले म्हना, हलू नको. आकडा ठरूनच नाही राह्यला."

संघपालने मागे पाहिलं नाही. काचेपलीकडे लाल आकडा तेराशे तीस आणि तेराशे चाळीस यांच्यामध्ये थरथरत होता.

"मागं कोनी नाही," तो म्हणाला.

माणसाने मान वाकडी करून हुडाच्या आत पाहिलं. कप खाली ठेवला. "बरं," म्हणाला. पावती न फाडताच त्याने हाताने गाडी पुढे घ्यायची खूण केली.

त्याच संध्याकाळी संघपाल कौशल्याबाईकडे गेला. दिवाळीत जायला हवं होतं, तो गेला नव्हता. ती दारात सरकी निवडत बसली होती. तिने पाणी दिलं.

"वहिनी, एक इचारू? कचरूचं वजन किती होतं?"

तिला प्रश्न विचित्र वाटला नाही, याचंच त्याला भय वाटलं.

"बावन. उन्हाळ्यात शिबिरात काट्यावर उभं केलतं. घरी येऊन हासले. म्हने, सरकीच्या पोत्यायेवढाही नाही मी." ती हातातलं सूप हलवत राहिली. मग म्हणाली, "गाडी नीट झाली का, भाऊ?"

"हाव."

"त्या दिवशी त्याहिले आवाज आला होता."

"कोनता आवाज?"

"गाडीचा. बाजेवर होते, अंग नुसतं थरथरून राह्यलं होतं. नाल्यात उतरलो, तं म्हने, थांबा, गाडी आली. उतरवा मले. मोठ्यानं म्हने. लोकायनं बाज खाली ठेवली. आमी सारे वाट पाहत उभे राह्यलो." तिने सूप मांडीवर ठेवलं. "आवाज आमाले कोनालेच आला नव्हता. पन त्याहिनं इतकं पक्कं सांगतलं का कोनी बाज उचलेच ना. नाल्यातच गेले ते, थांबल्या जाग्यावर."

संघपालने पाण्याचा पेला खाली ठेवला. ती म्हणाली, "मी तुमाले बोल नाही लावत." आणि पुन्हा सरकी निवडायला लागली.

तो घरी आला. आईने वाढलेलं त्याने जेमतेम खाल्लं. दुसऱ्या दिवशी बुलढाण्याला गेला, आठवडाभर लोकांच्या शेतांची मापं घेतली, आणि एका बांधावर टेप धरून उभा असताना त्याला कळलं, की काय करायचं ते आपण ठरवून टाकलंय. कोणाला सांगण्यासारखं ते नव्हतं. जे करायचं राहिलं होतं ते करायचं, इतकंच.

रविवारी दुपारी त्याने जीप काढली. नाला आता कोरडा होता. चिखल वाळून चाकोऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. फोर-व्हीलचा दांडा टाकायची गरज नव्हती, तरी त्याने टाकला. गुलाबरावांच्या वावरात कपाशी काळवंडली होती, किडकी बोंडं झाडावरच वाळली होती. बांधाशी त्याने गाडी वळवली, इंजिन चालू ठेवून थोडं थांबला, आणि निघाला.

नाल्यात, बाज ठेवली होती असं कौशल्याबाईने सांगितलं त्या जागी, त्याने वेग कमी केला. मागून फळीचा आवाज आला. बारीक, भरभर. कोणी टाचा आपटल्यासारखा. चाकोऱ्यांनी गाडी हादरत होती, त्यामुळे आवाज येणारच, असं त्याने स्वतःला सांगितलं.

सडकेला लागल्यावर रस्ता गुळगुळीत झाला. आवाज थांबला नाही.

मेहकरपर्यंत त्याने एकदाही आरशात पाहिलं नाही. दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली गाडी उभी केली, इंजिन बंद केलं, दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून बसून राहिला. व्हरांड्यात एक बाई लेकराला घेऊन बसली होती. एक कर्मचारी चादरी वाळत घालत होता.

मग डावीकडचे कमानपाटे करकरले. हळूहळू, एकेक पाटा मोकळा होत गेल्यासारखे. जीप मागून वर आली.

चादरी वाळत घालणाऱ्याने हातातली चादर बाजूला करून वाट दिली. कोणाला दिली, ते त्याने पाहिलंही नाही. तो पुन्हा चादर झटकू लागला.

संघपाल खाली उतरला. टेप लावली. दोन्ही बाजू सारख्या. पायरीवर बसून तो खूप वेळ रडला, आणि त्या बाईने लेकराला दुसऱ्या मांडीवर घेतलं.

त्यानंतरचे तीन आठवडे चांगले गेले. कधी नव्हे ते तो गाढ झोपला. कौशल्याबाईच्या घरावरची दोन पत्रे फुटले होते, ते त्याने जाऊन बदलून दिले. ती म्हणाली, "आता पावसाची चिंता नाही." जीपला नवं हूड घातलं, दिवे बदलले, सगळीकडून हिरवा रंग मारला. रज्जाक चाचा म्हणाले, "आता ही दुल्हन झाली." डावी बाजू दर रविवारी सारखी. बाकाला फक्त सागाचा आणि रंगाचा वास.

चौथ्या शनिवारी कचेरीला सुट्टी होती. तो शुक्रवारीच आला, आणि शनिवारी सकाळी चाचांना घेऊन चक्कर मारायचं ठरलं. ऊन अंगणात आलं होतं. आई चुलीशी होती. संघपालने गोठ्याचं दार उघडलं.

टेपची गरज नव्हती.

मागचे पाटे दोन्हीकडून सरळ झाले होते. त्यांची कमानच राहिली नव्हती. गाडी मागे इतकी बसली होती, की पुढचे दिवे आढ्याकडे पाहत होते. मागचा फळका उघडा, साखळीवर लोंबत होता. रात्री तो त्यानेच लावला होता. गोठा त्या गोडसर वासाने भरला होता.

बाकांवर कोणी नव्हतं. बाकांच्या मधल्या जागेतही कोणी नव्हतं.

चाचा मागून आले. संघपाल ड्रायव्हरच्या जागेवर चढला, कारण दुसरं काय करावं ते त्याला कळलं नाही. इंजिन एका झटक्यात सुरू झालं.

चाचा नेहमीप्रमाणे मागे बसायला म्हणून वळसा घालून गेले. फळक्याशी त्यांनी एक पाय वर टाकला. मग तो खाली घेतला.

"तू जाऊन ये," ते म्हणाले. "जागा नाही."

त्यांनी फळका दोन्ही हातांनी वर उचलला आणि लावता लावता मध्येच धरून ठेवला. त्यांचा आवाज संघपालला इंजिनच्या आवाजातूनही ऐकू आला. आपल्या वयाच्या माणसांशी बोलतात तसा, हळू, अदबीने.

"पाय जरा अंदर घ्या," चाचा म्हणाले, आणि थोडं थांबून त्यांनी फळका लावला.