खिडकीचं तिसरं माप

या, जरा जवळ सरकून बसा. देवाने माणसाच्या दोन बाजू घडवताना हातात फूटपट्टी धरली नव्हती, त्याची गोष्ट सांगते.

"मान वळवा."

शिंप्याने वळवली. मशीन चालवणाऱ्या तरुण डॉक्टरणीकडे.

"अहो, भिंतीकडे!"

"भिंतीत काय बघायचंय, मॅडम?"

तिने कपाळावर हात मारला, तर सोनोग्राफीची जेल कपाळाला. मानेतल्या डाव्या-उजव्या रक्तवाहिन्या सारख्या का नसतात, डावखुरेपणाशी त्याचं काही नातं असेल का, हे तिचे सर शोधत होते. पण डावखुरे मिळता मिळेनात, आणि उद्या मशीन परत जाणार! हा आला होता तिथल्या खिडकीच्या पडद्यांचं माप घ्यायला, तेही तिसऱ्यांदा. डाव्या हातात खडू दिसला, "डावखुरे ना?" विचारलं तर "हो" म्हणाला, आणि तिने त्याला टेबलावर झोपवलंच.

"बोलू नका, चित्र हलतंय."

"बरं."

"बरंसुद्धा नको!"

मशीनच्या पडद्यावर त्याचे ठोके नुसते धावत होते. मशीन बिघडलं म्हणून तिने ते दोनदा बंद करून पाहिलं.

कशीबशी तपासणी संपली. मान पुसताना त्याच्या उजव्या अंगठ्यावर तिला घट्टा दिसला... कात्रीचा.

"उजवे आहात तुम्ही! खोटं बोललात? अहो, माझ्या सगळ्या कामाची माती होईल!" डोळे भरून आले. मशीनमधलं त्याच्या मानेचं माप पुसायला तिने बोट उचललं.

"थांबा ना... दुकानात कात्री एकच, वडिलांची. उजव्या हाताची. तेवढी उजव्याने चालवायला शिकलो. बाकी —" त्याने तिच्या कोटाचं लोंबणारं बटण पाहिलं. "द्या इकडे."

सुई डाव्या हातात आली आणि बडबड थांबली. दोरा पहिल्याच फटक्यात ओवला, टाके सरसर पडले. तिने बोट हळूच मागे घेतलं.

"मग एका खिडकीला तीन मापं? खिडकी वाढतेय का?"

"पहिलंच बरोबर होतं..." त्याचे कान लाल.

"आणि मी मेली तीनदा स्टूल धरून उभी!"

"म्हणूनच तर..."

"म्हणजे मशीन ठीक होतं?"

"मशीन ठीकच होतं, मॅडम."

"सांगायचं ना सरळ! उद्या चहाला या. टेप घरी ठेवून."

आता त्या दोघांच्या संसारात एक उजवी, एक डावी अशा दोन कात्र्या आहेत आणि रोजचं भांडण आहे. पण तुम्ही आठवण ठेवा त्याच्या वडिलांची. मुलाच्या उजव्या हातात त्यांनी कात्री दिली, पण डाव्या हातातली सुई कधी काढून घेतली नाही.