नव्या ऑफिसातली मधली जागा

आमच्या संस्थेला सुरतच्या नवागाममध्ये ऑफिस मिळालं, तेव्हा पहिल्यांदा फरशी मीच पुसली. अध्यक्ष झाले म्हणून फडकं धरायची लाज नाही मला. आधी इथं लूमचं खातं होतं, बारा लूमचा कापड-कारखाना. मशिनं भंगारात गेली, बोल्टची भोकं जागेच्या मालकाने, शेठने, सिमेंटने बुजवली, वर चुना मारला. भिंतींना तेलाचा वास होताच. असू दे. सात वर्षं माझ्या ओट्यावर बसून विधवा बायांचे फॉर्म भरले, बीपी मोजलं. आता डोक्यावर पंखा होता.

किल्ली देताना शेठ म्हणाला, "बेन, बीच में टेबल मत रखना."

"क्यूं?"

"हवा रहेगी," म्हणाला आणि स्कूटरला किक मारली.

पहिल्या दिवशी वीस बाया आल्या. दारापासून टेबलापर्यंत सरळ वाट, पण एकही सरळ आली नाही. मधल्या जागेपाशी आली की पदर कमरेला खोचायची, अंग आडवं करायची, भिंतीला घासून यायची. दोन लूमच्या गल्लीतून असंच चालतात. पट्ट्यात पदर गेला की माणूस जातं. पण यातल्या निम्म्यांनी लूम डोळ्यांनी पाहिला नव्हता. उज्ज्वला तर पांडेसऱ्याच्या खानावळीत पोळ्या लाटते.

"अशी का चालतेस गं, खेकड्यासारखी?"

"कशी?" ती म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं.

बसल्यावरही सगळ्या ओरडून बोलत होत्या, शेजारी मशीन चालू असल्यासारख्या. घसा बसला की कागद अर्धे टाकून उठत होत्या. दुसऱ्या दिवशी अकरा आल्या, तिसऱ्या दिवशी चार.

फॉर्म भरायला बसणारी आमची रुपाली म्हणाली, "जिजी, शनिवारी भाडं देणारे ट्रस्टी येणार. ऑफिस रिकामं दिसलं तर जागा काढून घेतील."

दीडशे बायांचे कागद कपाटात होते. त्यांनी कुठं जायचं?

शेजारची चंचल म्हणाली, भगत बोलवा, नारळ फोडा.

"नारळ काय फॉर्म भरतो?" मी म्हटलं.

शुक्रवारी अकरा वाजता, भर उजेडात, मी टेबल ओढून बरोबर मधोमध लावलं आणि बसले. रुपालीला म्हटलं, कॉम्प्युटर इकडं आण. तिचा चेहरा उतरला, पण आली.

फरशी थरथरत होती. उभ्या बसमध्ये पायाखाली थरथरतं तशी.

मग पदर ओढला गेला. जोरात नाही. लेकरू ओढतं तसा.

मी उठले नाही.

"पदर काय ओढतो?" मी म्हटलं. "इथं येणाऱ्याचं काम होतं. तुझं काय आहे ते सांग. रुपाली, फॉर्म काढ."

मी विचारत गेले. नाव. वय. गाव. मला काही ऐकू येत नव्हतं. रुपालीची बोटं मात्र चालत होती.

थांबली.

"वाच."

"लखन. एकोणीस. साक्रीकडचं गाव लिहिलंय. आईचा नंबर आहे. काय मदत हवी, तिथं..."

"तिथं काय?"

"घरी कळवा."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच तर सांगत होता, जिजी."

तेवढ्यात उज्ज्वला दारातून आली. सरळ. पदर मोकळा. समोर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "माझा अर्धा राहिलाय."

"तुझाच घेते. एक फोन लावू दे."

आयुष्यात कुणापुढे जीभ अडली नाही माझी. त्या माउलीचा 'हॅलो' ऐकला आणि अडली. सुरतहून बोलते, तुमच्या लखनचं सांगायचंय, एवढंच म्हणाले; तो इथल्या लूमवर गेला, हे पुढं निघालंच नाही.

"आत्तेच त्याना फोन वना व्हता, माय," म्हातारी हसत म्हणाली. "म्हने, एक जिजी भेटनी. तिनी नाव लिखी लिधं. भलता खुश व्हता."

मी स्क्रीनवरचं नाव पुन्हा वाचलं.

"त्यानासंगे आखो दोन पोऱ्या सेतस म्हने. तठेच लाइनमा उभा सेतस. त्यासनंबी लिखी ल्या, माय."

समोर उज्ज्वलाशिवाय कुणी नव्हतं.

मी फोन ठेवला. पदर खांद्यावर नीट घेतला.

"रुपाली," मी म्हटलं, "उज्ज्वलाचा झाला की अजून दोन फॉर्म काढ."