केकच्या फ्रीजमधली भोपळ्याची फुलं

केकवरच्या क्रीमच्या गुलाबाची शेवटची पाकळी वळायची राहिली होती. तेवढ्यात काउंटरपलीकडून कुणीतरी विचारलं,

"तुमच्या फ्रीजमध्ये थोडी जागा मिळेल का?"

तिने मान वर केली. उन्हाने तांबूस झालेला चेहरा, कपाळाला चिकटलेले केस... आणि हातात एक डबा. डब्यात ओल्या फडक्यावर पिवळ्या कळ्या निजवलेल्या. प्रत्येकीचं तोंड दोऱ्याने बांधलेलं.

"कशाच्या आहेत?"

"भोपळ्याच्या. नर फुलं."

"आणि तोंडं का बांधलीत? फार बोलतात?"

तो हसला. हसताना त्याचा एक डोळा जरा जास्तच बारीक व्हायचा. "सकाळी उमलतात. त्याआधी मधमाशी शिरायला नको, म्हणून."

मग त्याने सगळं सांगितलं. मागच्या गल्लीतलं त्याच्या मावशीचं घर विकलं होतं. अंगणातली भोपळ्याची वेल नवा मालक काढून टाकणार होता. तसा भोपळा आता दुसऱ्या कुणाकडे नव्हता, आणि म्हाताऱ्या वेलीला हल्ली नुसती नर फुलंच येत होती. त्याच्या मळ्यावर दुसऱ्या जातीच्या वेलींना मादी फुलं होती. पण मळा गावाबाहेर, पहाटेच्या पहिल्या बसने गाठायच्या अंतरावर. मावशीचा फ्रीज विकला गेलेला, आणि घरात इतकं उकडायचं की फुलं रात्रीतच मान टाकायची.

"म्हणजे भोपळ्यांचं जमवताय," ती म्हणाली.

"हो... अर्धं रूप तरी बापाचं येईल."

बेकरी तिच्या मामांची. ते भट्टीजवळून म्हणाले, "ठेव गं. केक खाणार नाहीत ना ती?"

तेव्हापासून रोज संध्याकाळी तो डबा आणायचा. पहाटे पाव भट्टीतून निघताना मागच्या दाराशी येऊन उभा राहायचा. ती डबा द्यायची, वर एक गरम पाव. बोलणं दोन-चार वाक्यांचंच. पण डबा घेताना त्याची बोटं तिच्या बोटांवर क्षणभर रेंगाळायची... की तिलाच तसं वाटायचं? दिवसभर ती याच कोड्यात असायची. क्रीमच्या गुलाबांना आपोआप टोकदार पाकळ्या फुटू लागल्या.

मामांनी एकदा केक उजेडात धरून पाहिला. "हा गुलाब आहे की भोपळ्याचं फूल?"

ती कानापर्यंत लाल झाली.

घर रिकामं करायच्या दिवशी तो शेवटच्या कळ्या घेऊन आला. "आजवर एकही भोपळा धरला नाही, आणि आज मला मावशीच्या सामानाबरोबर टेम्पोत मळ्यावर जायचंय. त्या उकाड्यात या टिकायच्या नाहीत. पहाटे पहिल्या बसने येतो."

पहाट झाली. पाव निघाले, गार झाले. तो आला नाही. त्याचा फोन लागेना. शेवटी दूधवाल्याने सांगितलं, तिकडून पहिली बस आज सुटलीच नाही.

तिने फ्रीज उघडला. कळ्या दोऱ्याआड फुगल्या होत्या. मागच्या गल्लीतली वेल तर कालच तोडली होती.

"मामा, स्कूटरची किल्ली द्या."

"आणि दुपारचा केक?"

"आल्यावर करते."

मामांनी तिच्याकडे पाहिलं आणि किल्ली पुढे केली.

डब्याखाली बर्फाची पिशवी, वर ओला टॉवेल. रस्त्यावर धुकं साचलेलं, झाडं अर्धवट जागी. दोन्हीकडची शेतं पाण्याखाली असल्यासारखी दिसत होती. ती सावकाश, जपून चालवत होती, जणू खड्डा लागला तर डब्यातलं कुणीतरी जागं होईल. आणि धुक्यातून कुणीतरी धावतपळत येताना दिसलं. तोच. चपला हातात घेतलेल्या.

"तू आलीस?"

आजवर तो 'तुम्ही' म्हणत होता. दोघांच्याही ते एकदमच लक्षात आलं.

"बस मागे," ती म्हणाली. "डबा नीट धर."

मळ्यावर ऊन नुकतंच उतरत होतं. एकच मादी फूल उमलायला आलं होतं, बुडाशी इवलासा गोल भोपळा घेऊन. त्याने दोरा सोडला, पण त्याचे हात धावून धावून कापत होते.

"तू कर. तुझा हात स्थिर आहे."

तिने नर फुलाच्या पाकळ्या हलकेच सोडवल्या. आतल्या दांड्यावर पिवळी भुकटी दाटलेली. ती मादी फुलाच्या मधोमध फिरवली, एकदा... पुन्हा एकदा. तो इतका जवळ वाकला होता की त्याचा श्वास तिच्या गालाला लागत होता. सगळी फुलं वापरून झाल्यावर त्याने मादी फूल पुन्हा बांधून टाकलं.

"लागेल का?"

"थोड्या दिवसांत कळेल. पिवळं पडून गळूही शकतं." त्याने रिकामा डबा मिटला. "आता... फ्रीजमध्ये ठेवायला माझ्याकडे काही उरलं नाही."

"मग येणार नाहीस?"

"कोणत्या निमित्ताने येऊ?"

तिने बोटांवरची भुकटी निरखली. आवाज तिलाच नवल वाटावं इतका शांत निघाला.

"निमित्त कशाला हवं? मला तू आवडतोस. तेवढ्यासाठी ये."

तो नुसता तिचा हात हातात घेऊन उभा राहिला, दव वाळेपर्यंत.

आठवड्याने भरदुपारी तो बेकरीत शिरला. काउंटरवर दोन्ही तळवे टेकून म्हणाला, "धरलं. लिंबाएवढं झालंय."

तिने ॲप्रन सोडला, हात धुतले.

"कुठे निघालीस?" मामांनी विचारलं.

"भोपळा बघायला."

"लिंबाएवढ्याला बघायचं ते काय?" मामा पुटपुटले आणि अर्धवट केक स्वतःपुढे ओढून घेतला. "जा. पण याला सांग, पुढच्या वेळी जेवायलाच ये म्हणावं."