हद्दीबाहेर

गिरिजा माझी सख्खी मामेबहीण. तिच्यासोबत घडलं तेच लिहितोय, पदरचं काही नाही. पटत नसेल तर इथेच थांबा.

मॅसॅच्युसेट्समधलं जुनं गाव. इंग्रजांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी वसवलेलं. गेल्या नोव्हेंबरातला रविवार, भर दुपार.

गिरिजा आणि तिचा नवरा शार्दूल यांनी दुसऱ्या राज्यातल्या ट्रॉय शहरातून येऊन तिथे घर घेतलं होतं. तिला सातवा महिना. त्या दिवशी डोहाळजेवण. बायका यायच्या होत्या.

दारावर आवाज झाला...

ठक. ठक. ठक.

तिच्या सासूबाई, म्हणजे सुमित्राकाकू, यांचे हात पुरणात. "या या, आत या! उघडंच आहे!" न बघताच ओरडल्या.

कुणी आलंच नाही.

पायरीवर ताजा बर्फ. त्यावर एकही पाऊल उमटलेलं नाही...

मग तीच ठकठक घरात सुरू झाली. आधी जिन्यात. मग गिरिजाच्या खुर्चीमागे...

"शार्दूल, बाळ हलत नाहीये."

"आईचं पुरण चाखलंस ना? सुस्तावलं असेल यार."

तासभर वाट पाहिली. नाहीच.

कार्यक्रम कॅन्सल केला. हॉस्पिटल पलीकडच्या गावात. हद्दीची पाटी मागे पडली आणि बाळानं सणसणीत लाथ मारली!

डॉक्टर म्हणाली, सगळं उत्तम.

परतताना पुन्हा तीच पाटी आली...

पोट दगड.

शेजारच्या म्हातारीला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "पूर्वी इथले पंच नवख्यांच्या दारी शिपाई धाडायचे. काठी आपटून हुकूम, गाव सोडा. गरोदर बाईला तर आधी. मूल इथे जन्मलं तर गावालाच पोसावं लागेल ना!"

काकूंचा चेहरा पडला. "अगंबाई... मीच त्याला आत बोलावलं."

गिरिजा भडकली. "स्वतः दुसऱ्यांची जमीन लाटून बसले, आणि मला विचारतायत तू कुठली? घर माझं आहे. मी हलणार नाही!"

ठक...

या वेळी आवाज तिच्या पोटातून आला.

शार्दूलनं गाडीची किल्ली उचलली. "घर गेलं खड्ड्यात. चल."

आन्या ट्रॉयमध्ये जन्मली. गुटगुटीत आहे.

घर विकलं. घेणारा नागपूरचा मुलगा. त्याच्या बायकोला दिवस गेलेत, हे परवा कळलं.

तेव्हापासून गिरिजा फोन हातात घेऊन बसते. त्या मुलाचा नंबर लावते, कापते.

सांगायचं तर एकच आहे... गाव सोडा.

आणि या वेळी ते बजावणारी ती असेल.