पाचशे किलोमीटर झाल्यावर

"अहो, थांबा... पाणी ओतू नका!"

तो गॅरेजमधून धावत येईपर्यंत बादली रिकामी झाली होती. बॉनेट उघडं, इंजिनातून वाफेचे लोट, आणि त्या वाफेत नर्सच्या गणवेशातली ती, हातात शेजारच्या फुलवाल्या मावशींची बादली. रात्रपाळी संपवून घरी निघालेली. झोप इतकी अनावर, की समोरच्या माणसाचा चेहराही तिला धड दिसत नव्हता.

"तापली होती," ती म्हणाली. "ताप चढला की पाण्यानं उतरवतात."

"माणसाचा," तो म्हणाला.

त्यावर तो हसला असता, तर तिनं ती बादली त्याच्या डोक्यात घातली असती. पण तो हसला नाही. इंजिनाला जरा गार होऊ दिलं आणि मग तेल तपासायची पट्टी बाहेर काढून तिच्यापुढे धरली. काळंभोर तेल दूध घातलेल्या कॉफीसारखं झालं होतं. हेड गॅस्केट गेलंय, त्यानं सांगितलं. म्हणजे इंजिनाचे दोन भाग जिथे एकमेकांवर बसतात, तिथली पातळशी पट्टी. तेल, पाणी आणि आग एकमेकांत मिसळू द्यायची नाही, एवढंच तिचं काम. आता सगळंच एकमेकांत मिसळलं होतं.

तिनं विचारलं, यात माझी चूक किती. तो मान खाजवत म्हणाला, "अर्धी."

"आणि उरलेली?"

"गाडीच्या वयाची. तिला आता भंगारात..."

पुढचं तो बोललाच नाही, कारण तिचा चेहरा पार उतरला होता. ती गाडी तिच्या बाबांची. बाबांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागे, आणि गेली चार वर्षं ती त्यांना याच गाडीतून नेत होती. रात्रभर दुसऱ्यांचे रुग्ण, दिवसा घरचा. मध्ये झोप मिळाली तर मिळाली. भाऊ परदेशी, फोनवर फार काळजी करणारा. आत्या यायला तयार होती, पण हिनंच नको म्हटलं होतं. कुणाला म्हणून स्टिअरिंगला हात लावू द्यायची नाही ती. बाबांना कायमचं टॅक्सीत कोंबायचं, ही कल्पनाच तिला सोसवेना.

"दुरुस्त करा," ती म्हणाली. "मी चालवून बघितल्याशिवाय नेणार नाही. आणि चालवणार मीच, तुम्ही नाही."

"बरं," तो म्हणाला. जणू हे रोजचंच.

मग रोज सकाळी पाळी संपली, की बाईसाहेब गॅरेजात हजर. कामावर लक्ष ठेवायला, असं तिचं म्हणणं. खरं म्हणजे दाराजवळ मोडक्या हाताची एक खुर्ची होती, तिच्यात बसलं की दोन घटका कुणी तिला काही मागत नसे. तो जुन्या गॅस्केटचे चिकटलेले तुकडे हळुवार खरवडत राही. वाकलेलं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, सपाट करून आणल्यावर त्यानं त्यावर सरळ पट्टी ठेवली आणि फटीतून उजेड येतो का ते पाहायला तिलाच वाकायला लावलं. दोघांची डोकी जवळ आली. त्याच्या अंगाला डिझेलचा आणि साबणाचा वास येत होता, आणि तिला तो वास आवडला, याचाच तिला राग आला.

"दिसतोय उजेड?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग झकास."

दोघंही लगेच बाजूला झाली नाहीत. मावशींनी हे पाहिलं आणि उगाच फुलांवर पाणी मारलं.

गाडी द्यायचं ठरलं त्या सकाळी ती बाबांनाच टॅक्सीतून घेऊन आली. इथून थेट डायलिसिसला निघायचा बेत. पण बोल्ट आवळायचा शेवटचा फेरा आणि पाणी भरणं राहिलं होतं. पाच मिनिटं, तो म्हणाला. बाबांना स्टुलावर बसवून ती खुर्चीत टेकली. पाना योग्य ताणाला आला की कट् असा आवाज करी. कट्... कट्... तिला एवढंच आठवत होतं.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून दारापर्यंत सरकलं होतं. अंगावर त्याचं जाकीट. बाबांचं स्टूल रिकामं, तोही नाही. डायलिसिसची वेळ कधीच टळून गेली होती. चार वर्षांत एकदाही चुकली नव्हती, आणि आज हिनं झोपून घालवली. ती उठली ती दारात बसलेल्या मावशींवरच आदळली.

"बाबांना घेऊन गेलाय तो, त्याच्या व्हॅनमधून," मावशी म्हणाल्या. "मला इथे बसवलंय तुझ्यावर लक्ष ठेवायला. माझी गिऱ्हाइकं गेली ना पण."

तेवढ्यात व्हॅन आलीच. बाबा पुढच्या सीटवर, दंडाला पट्टी, आणि त्याला कसलीशी गोष्ट सांगत पोट धरून हसत होते. घरी डायलिसिसहून परतल्यावर ते कधी हसत नसत. तिचा संताप संताप झाला.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला? मला उठवायचं ना..."

"दोनदा आलो होतो उठवायला," तो खाली बघत म्हणाला. "हात पुढे होईना."

"मीच म्हटलं, झोपू दे पोरीला," बाबा म्हणाले. "चार तास बसला तिथं माझ्याजवळ. तुझ्यासारखा घड्याळाकडे बघत नाही तो."

ती काही बोलायला गेली आणि रडायलाच लागली. रागाचं रडू असेल असं तिला वाटलं, पण ते नुसतं थकव्याचं होतं, चार वर्षांचं. तो समजूत घालायला गेला नाही. पाना घेऊन राहिलेल्या कामाला लागला. मधल्या बोल्टपासून सुरुवात, मग समोरचा, मग तिरपा, प्रत्येकाला थोडा थोडा पीळ.

"एकेक पूर्ण आवळून टाका ना," ती नाक पुसत म्हणाली. "लवकर होईल."

"एकट्यावर सगळा ताण आला की हेड वाकतं. परत गॅस्केट जातं."

"हे मला सांगताय, की गाडीला?"

"गाडीला." कट्. "गाडी... ऐकते."

रडता रडता तिला हसू फुटलं.

पाणी, तेल भरून झालं. ठरल्याप्रमाणे तिनं स्वतः चावी फिरवली. गाडी खोकली, थरथरली आणि सुरू झाली. काटा मधोमध, धूर नाही. चक्कर मारून आल्यावर त्यानं सांगितलं, जुनं इंजिन आहे, पाचशे किलोमीटर झाल्यावर बोल्ट पुन्हा तपासायला लागतील. तेव्हा... या.

तिनं मनात हिशेब केला. घर, हॉस्पिटल, डायलिसिस. पाचशे व्हायला दोन महिने जाणार. आणि दोन महिने ही खुर्ची नाही, तो कट् आवाज नाही, हा माणूस नाही. तिनं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. एवढे दिवस मनाला फसवायला ताकद लागते, आणि तिच्यात ती उरली नव्हती.

"मला तुम्ही आवडता," ती म्हणाली. "हे नीट सांगायला हवं होतं... पण मला फार झोप आलीये."

त्याच्या हातातलं फडकं खाली पडलं. मागच्या सीटवर बसलेले बाबा खिडकीबाहेर फुलं बघू लागले.

"रविवारी," तो कसाबसा म्हणाला, "फिरवून आणू या का गाडी? लांब कुठेतरी. म्हणजे पाचशे... लवकर होतील."

"रविवारी मला सुट्टी आहे. बाबाही येतील."

"यायलाच हवेत. गोष्ट अर्धी राहिलीये त्यांची."

ती गाडीतून उतरली, वळसा घालून शेजारच्या सीटवर जाऊन बसली आणि खिडकीतून चावी त्याच्यापुढे धरली. चार वर्षांत ती चावी तिनं दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नव्हती. त्यानं हात फडक्याला पुसले, मग पँटला पुसले, आणि मगच घेतली.

"आत्ता घरी सोडा आम्हाला," ती म्हणाली.

"रस्ता सांगाल ना?"

गाडी कोपऱ्यावर वळण्याआधीच तिचं डोकं त्याच्या खांद्यावर कललं होतं. बाबा मागून पुढे वाकले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "डावीकडे घे. आणि खड्डे बघून."