विहरता डोळा

ज्या मंगळवारी बातमी आली, त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी चिंचणीच्या बाजारात जमनाबाईकडून सुके बोंबील घेत होतो. "मास्तर, एवढेच? पोराला उपाशी ठेवता काय?" म्हणत तिने मूठभर जास्त टाकले. तेवढ्यात धर्मेशचा फोन आला. तो माझा जुना विद्यार्थी, घिवलीच्या मच्छीमार घरातला. माझा मुलगा दर्पण आणि तो बोईसरच्या एकाच रसायन कारखान्यात, एकाच पाळीत होते. "सर, लवकर या," एवढंच तो म्हणाला.

रिॲक्टर म्हणजे दोन पुरुष उंचीचं लोखंडी पिंप. वर माणूस जेमतेम शिरेल एवढं गोल तोंड, मधोमध ढवळायचं पातं. दर्पण आत उतरून तळ घासत होता आणि पातं सुरू झालं.

इस्पितळातून तो मला पांढऱ्या प्लास्टिकमध्ये बांधून मिळाला. "उघडू नका," तिथला माणूस माझ्याकडे न बघता म्हणाला. दर्पणची आई सहा वर्षांपूर्वी गेली. तेव्हा निदान चेहरा पाहिला होता. दर्पणचा न पाहताच मी त्याला अग्नी दिला. कारखान्याचं म्हणणं, तो कुणाला न सांगता आत गेला. शेवटी काय झालं, एवढंच मला हवं होतं.

तेरावं झाल्यावरच्या रविवारी दुपारी धर्मेश आणि त्या दोघांची मैत्रीण पूर्वी घरी आले. दर रविवारी हे तिघे आमच्या जेवणाच्या टेबलावर एक खेळ खेळत. चौकटींचा कागद, वीस बाजूंचा फासा, किल्ले, राक्षस. पूर्वी गोष्ट रचायची आणि हे दोघं तिच्यातली माणसं व्हायचे. दर्पण म्हातारा जादूगार असायचा. डाव अर्धवट राहिला होता.

"काका, त्याच्या जागी तुम्ही बसता? एकदाच. असा सोडवत नाही," पूर्वी म्हणाली.

"सरांना कशाला तरास," धर्मेश म्हणाला. "सर कदी पत्तेपन नाय खेळले."

"तू गप रे. तुझा योद्धा दर वेळी दारातच मरतो."

मी बसलो. दर्पणच्या कागदावर त्याच्या बारीक अक्षरात एक मंत्र लिहिला होता: विहरता डोळा. अदृश्य. मूठ शिरेल तिथून आत जातो. अंधारात दिसतं. ऐकू येत नाही. काहीही करता येत नाही.

मागच्या खेपेला त्याने तो डोळा किल्ल्याच्या एका भोकातून आत सोडला होता. पूर्वीने फासा माझ्या हातात दिला. वीस पडले.

"बघा, पहिल्याच फटक्यात," ती हसली. "आता डोळे मिटा. आत एक कोरडी विहीर आहे, दगडी..."

"लोखंडी आहे," मी म्हणालो.

खोलीत आंबूस, घशाला झोंबणारा वास आला होता. वारा कारखान्यांकडचा असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मिटलेल्या पापण्यांआड उघड्यापेक्षा स्वच्छ दिसत होतं. पिंपाची गोल भिंत. पात्याच्या खाली उकिडवा बसलेला दर्पण, कानांत बोळे, हातात खरवडणी. त्याचा दिवा पायाशी आडवा पडला होता. दिसेल ते मी बोलत गेलो. वर गोल तोंडात धर्मेशचं डोकं आलं. त्याने आत पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. मग मागे वळून कुणाला तरी मान डोलावली, आणि पिंपाचं तोंड रिकामं झालं.

पात्याने पहिल्या फेरीत दर्पणचा खांदा काढला. त्याने दुसऱ्या हाताने पात्याचा दांडा धरला. तो हात दांड्याबरोबर फिरला आणि अंग मागे राहिलं. दुसऱ्या फेरीत जबडा गेला. भिंतीवर ओल्या पट्ट्या उमटल्या. तिसऱ्या फेरीलाही त्याचे डोळे उघडे होते, आणि ते माझ्याकडे पाहत होते.

"सर, बस..."

मी डोळे उघडले. धर्मेश भिंतीला टेकला होता.

"मी त्याला हाक मारली होती," तो हळू म्हणाला. "नाव घेऊन मारायची, डोल्यांनी बघायचं, मगच बटनावरची 'चालू करू नका' पाटी काढायची, असा नियम हाय. पन आमच्यात पान्यावर गेलेल्याला नावानं हाक नाय मारत, सर. दर्या नाव ऐकतो. नुसतं 'ओ' करायचं. आजीनं लहानपनापासून... मी 'ओ' केलं, आत कालोखात काय दिसलं नाय. तर खालच्या जिन्यावरून 'ओ' आली. वाटलं, भायेर आला. पाटी काढली. आवाज त्याचाच होता, सर."

"त्याचं तोंड मिटलेलं होतं," मी म्हणालो.

पुढचं मला तुकड्यांनी आठवतं. धर्मेशचा गळा माझ्या दोन्ही हातांत होता. अंगठ्यांखाली काहीतरी कटकन वाजलं. मी वर्गात कधी छडी उचललेली नाही. त्याने हात वर केले नाहीत, तसाच माझ्याकडे बघत राहिला. पूर्वीने स्टूल माझ्या पाठीत घातलं, तेव्हा पकड सुटली. तो बराच वेळ जमिनीवर खोकत होता. जाताना दारात म्हणाला, "तुमी म्हनाल तिथं येऊन सांगीन, सर. पोलिसांत पन."

पूर्वीने कागद गुंडाळून नेले. डोळा मात्र आतच राहिला. आताशा कधीही पापणी मिटली, की ती गोल भिंत दिसते. ती धुतली आहे. पाळ्या बदलतात, अनोळखी माणसं उतरतात, घासतात, वर जातात. मला सवय होत चालली होती.

काल गुरुवारी, मधल्या सुट्टीत, शिक्षकांच्या खोलीत क्षणभर डोळे मिटले. धर्मेश आत उतरत होता. गळ्यावर अजून माझी बोटं काळीनिळी होती. तो पात्याखाली बसला, खरवडायला लागला. त्याच्या पाठीमागे, दिवा पोहोचत नव्हता तिथे, आणखी कुणीतरी उकिडवं बसलं होतं. त्याला खांदा नव्हता. वर गोल तोंडाशी कुणीच उभं नव्हतं.

दांडा थरथरला.

कारखान्याच्या गेटचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता, आणि मोबाइल माझ्या हातात. मी फोन लावला नाही.